पालथा लोटा

रविवारी मिस्सा संपली की आमचे तरुण फादर खिशातून कागद काढतात आणि सूचना वाचतात. येत्या रविवारी हे, पुढच्या महिन्यात ते, गव्हाणीचा देखावा करायला पोरं पाहिजेत, सणाच्या जेवणाला मदतीचे हात पाहिजेत, ज्यांना जमेल त्यांनी पुढं यावं. संध्याकाळपर्यंत तेच सगळं हिंदीत मोबाईलवरही येतं, फुलांच्या चित्रासकट. मी आता म्हातारी झाले, गुडघे कुरकुरतात, पण झाडझूड म्हणा, फुलं म्हणा, भांडी म्हणा, कशालाही नाही म्हणत नाही. एक काम मात्र मी आयुष्यात कधी घेतलं नाही. पहिल्या कम्युनियनची मुलं सांभाळायचं. फादरनी एकदा विचारलंसुद्धा, "आजी, तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत, मुलं तुमचं ऐकतात, मग हेच का नको?" मी म्हटलं, "नको म्हणजे नको. दुसरं सांगा." मी तोंडाची फटकळ आहे हे त्यांना आता ठाऊक झालंय, ते नुसते हसले.

घरी आल्यावर मलाच चैन पडेना. त्यांना सांगायला पाहिजे होतं. पण सांगायचं तर मायपासून सांगावं लागतं, आणि मायची गोष्ट चर्चच्या पायरीवर उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही.

माझी माय मोहगावची. शेतकऱ्याच्या घरची, कापूस-संत्र्याच्या घरातली. आईबाप लहानपणीच गेलेले, मोठ्या बहिणीनं कडेवर घेऊन वाढवलेली. बहीण दहा-बारा वर्षांनी मोठी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तशी माय तिला बाई म्हणे. मोठेपणी मायला पोटाचं दुखणं लागलं, तेव्हा याच बहिणीनं तिला नागपूरच्या मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. माय बरी झाली, पण परत गेली नाही. तिथंच कामाला राहिली, तिथंच बाप्तिस्मा घेतला, आणि स्वातंत्र्य आलं त्या सुमारास रेल्वेत पॉइंटमन असलेल्या माझ्या बाबांशी तिचं लग्न झालं. बाबा जन्माचे कॅथलिक, त्यांच्या बापाच्या वेळेपासूनचे. बाबांची बदली पांढुर्ण्याला झाली. म्हणजे माय फिरूनफिरून माहेराच्या दाराशी आली, आणि ते दार बंद. मोहगावहून मावशीचा निरोप आला होता म्हणे: दवाखान्यात बहीण नेऊन दिली होती, ती तिथंच गेली असं समजून राहिलो आम्ही.

माय हे सांगताना रडायची नाही, चिडायची. "मले मारून टाकलं तिनं," म्हणायची, आणि भाकरी अशी थापायची की परातीला खळगा पडावा. पण सौंसरकडच्या, म्हणजे मोहगावच्या वाटेवरच्या मोटरीतून कोणी बाई उतरली की मायची मान वळायची. एवढंच तिला पाहिजे होतं आयुष्यात, बहिणीनं एकदा येऊन तिच्या घरात बसावं. देवाकडे मागायचं तर तेच मागायची. मला पाठ झालं होतं.

पांढुर्ण्यात तेव्हा आमची चार-पाच घरं. सगळी रेल्वेची, एक तेवढे म्हातारे मास्तर. मास्तर म्हणजे धर्मशिक्षण देणारे. फादर महिन्यातून एकदा नागपूरहून पॅसेंजरनं येत. चर्च कुठलं आलंय? जिनवाल्या शेठजींनी आपलं एक जुनं गोदाम देऊन ठेवलं होतं. भला माणूस. शनिवारी संध्याकाळी बायका ते झाडायच्या, टेबलावर पांढरी चादर घालायच्या, की झाली वेदी. कापसाची पिंजण कितीही झाडली तरी वाशांवर राहायचीच, आणि मिस्सा चालू असताना हळूच कोणाच्या तरी डोक्यावर उतरायची.

त्या वेळी सूचनांची आमची एक रीत होती, ती आता कोणाला सांगितली तर खरी वाटत नाही. मिस्सेनंतर मास्तर गोदामाच्या ओट्यावर वस्तू मांडायचे. झाडू, घागर, कंदील, घंटा, खलबत्ता, जे काय येणाऱ्या सणाला लागायचं ते. मग पुढं काय काय आहे ते सांगायचे. नाव कोणी लिहून घ्यायचं नाही. ज्याला जे काम घ्यायचं त्यानं ती वस्तू उचलायची आणि घरी न्यायची. सण होईपर्यंत वस्तू त्या घरात दिसेल अशी ठेवायची, म्हणजे आल्यागेल्याला कळायचं की या घरानं झाडायचं घेतलंय, त्या घरानं पाणी भरायचं. उचलली वस्तू परत ठेवणं म्हणजे तोंड काळं. उरलेली वस्तू मास्तर स्वतः नेत, आणि ती बहुधा झाडूच असे.

मी आठ वर्षांची होते त्या वर्षी पावसाळा संपताना फादर आले आणि म्हणाले, ऑक्टोबरअखेर ख्रिस्तराजाच्या सणाला तीन मुलांचं पहिलं कम्युनियन करू. गार्डची दोन मुलं आणि मी, आम्ही वेदीवरचा प्रसाद पहिल्यांदाच घेणार होतो. पुढं म्हणाले, "हा माझा तुमच्याकडचा शेवटचा सण समजा. नोव्हेंबरात राज्यं बदलत आहेत. नागपूर मुंबईकडे जाईल, तुम्ही मध्यप्रदेशात राहाल. यापुढे तुमच्याकडे कोण आणि कधी येईल, ते वरून ठरेल." स्टेशनावर तेव्हा रोज हीच वादावादी चालायची, नागपूर गेलं, राजधानी भोपाळला गेली, आता आपण कोणाचे. बाबा म्हणायचे, रूळ तर जिथल्या तिथं हायेत, गाडी येईनच. गाडी येत राहिली, पण तीत फादर नसायचे. ते पुढं सांगते.

ओट्यावर त्या दिवशी मास्तरांनी एक नवी वस्तू मांडली. पितळी लोटा, पालथा. हे मुलांचं काम. ज्या घरानं लोटा उचलला त्या घरानं आदल्या संध्याकाळी तिन्ही मुलं आपल्याकडे ठेवायची, त्यांना न्हाऊ घालायचं, कपडे करायचे, आणि मध्यरात्रीनंतर त्यांच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही. देवाचा प्रसाद रिकाम्या पोटी घ्यायचा हा आमच्यात नेम. पाण्याची सूट आली होती असं फादर म्हणत, पण मास्तर जुन्या वळणाचे, ते म्हणत थेंब नाही. म्हणून लोटा माठावर पालथा ठेवायचा. घरातल्या सगळ्यांना दिसावं की आज इथलं पाणीसुद्धा बंद.

गार्डची बायको लोट्याकडे बघत होती, पण मायनं आधी हात घातला. तेव्हा ती हसत बोलली, "जमेल ना तुला? तू नवी आहेस आमच्यात." नऊ-दहा वर्षं झाली होती मायला, तरी ही बया तिला नवीच म्हणायची. मायनं लोटा पदराखाली घेतला आणि सरळ घरी आली. खलबत्ता तसाच उरला. जेवणाचा मसाला कोणी कुटायचा ते ठरलंच नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी एक उद्योग केला. मायला न सांगता मोहगावला निरोप धाडला. पोरीचा सण आहे, एकदाच होतो, तुम्ही आल्या तर तिच्या मायला बरं वाटेल. बाबा बोलायचे कमी, पण असली कामं करून बसायचे.

आणि मावशी आली हो. सणाच्या दोन दिवस आधी, दुपारच्या मोटरीनं. डोक्यावर संत्र्यांची टोपली, हातात स्वतःचा तांब्या. दारात उभी राहिली. मी ओसरीवर खेळत होते, मला वाटलं मायच बाहेरून आली. तोच चेहरा, तीच हनुवटी, फक्त केस पांढरे आणि कपाळावर मोठं कुंकू. माय आतून आली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मावशी म्हणाली, "आत ये म्हनशीन का नाई?"

मायनं तिला धरलं आणि अशी रडली की मला भीती वाटली.

पहिल्या दिवशी मावशीनं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. विहिरीवर जाऊन आपला तांब्या भरून आणला, आपल्या दशमीची पुरचुंडी सोडून खाल्ली. मायनं बघितलं आणि चुलीकडे वळली. पण मावशीला स्वस्थ बसवत नव्हतं. मायच्या तोंडून ओट्यावरच्या वस्तूंची रीत ऐकली आणि म्हणाली, "मग तो खलबत्ता कोनं नाई उचलला? मसाल्यावाचून जेवण घालून राहिले का लोकाले?" उठली आणि मास्तरांच्या घरून खलबत्ता घेऊन आली. कपाळावर कुंकू ल्यालेली बाई ख्रिस्तराजाच्या सणाचा खलबत्ता घेऊन रस्त्यानं जातेय हे बघून मास्तरांची बायको दारात येऊन उभी राहिली म्हणे. दुसरा दिवसभर मावशी कुटत होती. धने, सुकं खोबरं, मिरच्या. घरभर ठसका. माय आणि ती दोघी शिंकत होत्या आणि हसत होत्या. मायला इतकं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, त्यानंतरही नाही.

संध्याकाळी गार्डची मुलं आली. मायनं आम्हा तिघांना न्हाऊ घातलं, लवकर खाऊ घातलं. मिरचीच्या खकाण्यानं मावशीचा घसा धरला होता. ती खोकत उठली, तिचा तांब्या रिकामा होता. आमच्या माठाजवळ गेली, तोच पितळी लोटा माठात बुडवला आणि उभ्याउभ्या घटाघटा प्याली. लोटा जागेवर ठेवला आणि पुन्हा खलबत्त्याशी बसली. मायचे हात कणकेत होते. ते तसेच राहिले. एवढ्या वर्षांचं मागणं पुरं झालं होतं तिचं, तेही एका लोटाभर पाण्यात. बाबा दारातून बघत होते, त्यांनी टोपी काढली आणि उगाच झटकली.

निजायच्या आधी मायनं तो लोटा माठावर पालथा घातला. मावशीनं विचारलं, "हे काहून?" माय म्हणाली, "लेकराइचा उपास हाये, सकाळचं होईपर्यंत." मावशीनं मान हलवली. उपास तिला काय नवा? वर्षाच्या एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार. उपासाला अन्न नाही, फळ चालतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. फळ म्हणजे खाणं नव्हेच तिच्या हिशेबी, फळ तर उपासाचंच. आणि मायला हे सुचायला पाहिजे होतं. ती स्वतः त्याच घरात एकादशीला रताळी खाऊन मोठी झाली होती. पण त्या संध्याकाळी तिला तिची बहीण मिळाली होती. जुन्या गोष्टी निघाल्या, बैलाचं नाव निघालं, विहिरीवरचं भांडण निघालं. सांगायचं राहून गेलं. इतकंच झालं, दुसरं काही नाही.

पहाटे मी झोपेत कण्हत होते. भूक लागली की मला पोटात कळ यायची, मायसारखीच. मावशीला कोंबड्याबरोबर जाग यायची सवय. काळोख होता. कोणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं, तोच हात, तोच मसाल्याचा वास, आणि ओठांवर गार फोड टेकवली. मला वाटलं माय आहे. मी तोंड उघडलं. आंबट-गोड, बहराचं पहिलं संत्रं. बिया तिनं आधीच काढल्या होत्या. दोन फोडी खाल्ल्या आणि मी पुन्हा झोपले.

फादरची पॅसेंजर त्या दिवशी उशिरा आली. ऊन चांगलं वर आलं तरी आम्ही मुलं पांढरे कपडे घालून गोदामाबाहेर उभीच. बाबा स्टेशनावरून दोनदा येऊन सांगून गेले, अजून नाही. शेवटी फादर आले, घाम पुसत, तेही उपाशीच. सगळी रांगेला लागली. माय माझ्यापुढं वाकून डोक्यावरचं पांढरं फडकं टाचत होती. अचानक तिचा हात थांबला.

"तोंडाले वास कशाचा हाये?"

संत्र्याचा वास लपत नाही. मी काय बोलणार? मला तर वाटत होतं तिनंच भरवलं. मी तिच्याकडे बघितलं, मग मागं उभ्या मावशीकडे बघितलं, आणि तेव्हा मला कळलं की दोन बाया होत्या.

मावशीनं हसून सांगितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काय होतं? "म्या देल्ल्या दोन फोडी. आपल्याच झाडाच्या. पोट्टी कण्हून राहिली होती. उपासाले चालते ना वं."

गार्डची बायको शेजारीच होती. तिनं नुसत्या भुवया वर केल्या. त्या भुवयांनी घात केला. मायचा चेहरा लाल झाला, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं, हे मला माझ्यावरून कळतं. सगळ्यांच्या देखत ती मोठ्यानं म्हणाली, "तुले काय समजते आमच्यातलं? कायले आली तू?"

कायले आली तू. जिच्यासाठी मोटरीकडे मान वळवत वर्षं काढली, तिला.

मावशीनं पदर डोक्यावरून नीट घेतला. फादरना कोणीतरी सांगितलं तसे ते पुढं आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मायला म्हणाले, "यात पाप कोणाचंही नाही, बाई. लेकराला प्रेमानं भरवलंय. तिचं कम्युनियन पुढच्या खेपेला करू. रागावू नका." पण पुढची खेप त्यांच्या हातात नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. गार्डची दोन्ही मुलं पुढं गेली. मी मागच्या सतरंजीवर बसले, डोक्यावर फडकं तसंच. वरून पिंजण पडत होती. माय वेदीकडे बघत होती, मान न वळवता. मिस्सा संपली तेव्हा तिनं मागं बघितलं, तर मावशी नव्हती.

माय घराकडे धावत गेली. तांब्या नव्हता, पिशवी नव्हती. संत्र्यांची टोपली माठाशेजारी होती. बाबा मोटर स्टँडवर जाऊन आले. सौंसरची मोटर निघून गेली होती.

आणि जेवण झालं. व्हायचंच होतं. शेठजींकडची माणसं आली, स्टेशनवरची आली. मावशीनं कुटलेल्या मसाल्याची भाजी होती, लोक बोटं चाटत होते, मास्तर दोनदा मागून जेवले. कोणीतरी विचारलं, "मसाला कोणाच्या हातचा?" माय वाढत होती, ती म्हणाली, "माझ्या बाईच्या." एवढं बोलून ती आत गेली आणि वाढायला परत आली नाही. बाकीचं बाबांनी वाढलं.

मला मायचा राग येतो का? येतो. अजून येतो. एका भुवईच्या भीतीनं तिनं बहीण घालवली. आणि गार्डच्या बायकोचाही येतो, ती तर कधीच गेली बिचारी. सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं, तर त्याच्या आदल्याच दिवशी सगळं किती चांगलं होतं त्याचं.

नोव्हेंबरात राज्य बदललं. आम्ही सकाळी उठलो तेव्हा सगळं तसंच होतं, फक्त नागपूर परराज्यात गेलं होतं. फादर आले नाहीत. पुढच्या महिन्यात नाही, नाताळातही नाही. गोदामात कापूस भरला. माझं फडकं मायनं धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवलं. लोटा तिनं मास्तरांना परत नेऊन दिला. टोपलीतली संत्री कोणी खाल्ली नाहीत. मायनं ती शेजारीपाजारी वाटली.

उन्हाळा लागता लागता नवे फादर आले. हिंदी बोलणारे, सायकलवाले, हसरे. ईस्टरच्या आधी त्यांनी सूचना सांगितल्या: रोमहून नवा नेम आला आहे. आता मध्यरात्रीपासून उपास नको. प्रसाद घ्यायच्या आधी तीन तास काही खाल्लं नाही म्हणजे पुरे. पाणी तर कधीही चालेल. ज्या मुलांचं कम्युनियन राहिलंय त्यांचं ईस्टरला करू.

लोकांना आनंद झाला. मास्तरांचं तोंड पडलं. माय माझ्या शेजारी बसली होती. ती पुटपुटायला लागली. मला वाटलं प्रार्थना म्हणते. ती म्हणत होती, "कोंबडं आरवलं तवा देल्ल्या... गाडी ऊन चढल्यावर आली... तीन तासाच्या वर झाले. वर झाले." पुन्हापुन्हा तेच. मग तिनं पदर तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला घेऊन सौंसरची मोटर धरली. तिथून बैलगाडीनं मोहगाव. वाटेत ती मला सांगत होती, मावशीला कसं बोलावायचं, काय म्हणायचं. "तू म्हनजो, मावशी, तुमी आल्याबिगर मी पांढरं फडकं घेनार नाई." मी घोकत होते.

मावशी अंगणात मिरच्या वाळवत होती. आम्हाला बघून उठली, हात पुसले. मायला ती जन्मभर तू म्हणत आली होती. ती म्हणाली, "या. बसा." सतरंजी घातली, नवी, पाहुण्यांसाठी ठेवतात ती. पाणी दिलं, गूळ दिला. बाबांची तब्येत विचारली.  मायनं सगळं एका दमात सांगितलं, "बाई, नेम बदलला. आता तीन तासच लागते. तू देल्लं ते चालून गेलं असतं, बाई. काहीच बिघडलं नसतं. पोरीचं आता ईस्टरले हाये. तू चाल. तू मसाला कूट, तू पोरीले सांभाळ, लोटा मी तुह्याच हाती देतो."

मावशी ऐकून घेत होती. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर बरं झालं असतं, मायला रागाशी भांडता येत होतं. ती म्हणाली, "तुमच्यातलं तुमाले माईत. मले काय समजते? गहू निघून राहिले, यायले नाई जमणार."

मी घोकलेलं वाक्य बोलले. मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला. आत गेली आणि मृग बहराचं शेवटचं एक संत्रं घेऊन आली. जुन्या सवयीनं तिचा अंगठा सालीत शिरायला लागला. मग थांबली. न सोलताच माझ्या हातात ठेवलं.

"घे. पण मायले इचारून खाय."

ईस्टरला माझं कम्युनियन झालं. मायनं त्या दिवशी ओट्यावरून झाडू उचलला होता, आणि पुढं हातपाय चालत होते तोवर दर सणाला झाडूच उचलत राहिली. मावशी पुन्हा कधी आली नाही, आणि मायनं पुन्हा कधी मोटरीकडे मान वळवली नाही. दोघी गेल्या आता.

पण मला आठवतो तो परतीचा रस्ता. मोटरीत मी खिडकीशी, माय शेजारी. संत्रं माझ्या मांडीवर. भूक लागली होती, वासानं पोटात कळ येत होती. मी वाट बघत होते की माय म्हणेल, खा. तिनं एकदा संत्र्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली नसती. पण विचारायचं म्हणजे मावशीचं वाक्य पुन्हा तिच्या कानांवर घालायचं. पांढुर्णा येईपर्यंत मी ते दोन्ही हातांत धरून बसले, आणि उतरलो तेव्हा ते गरम झालं होतं.